नावांची शीव

व्याकरण हा विषय दिवाळी अंकात आणू नये, असा एक अलिखित संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. कडुनिंबाची चटणी चैत्रातल्या पाडव्याला पानात वाढतात. तीच कुणी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी करंजीशेजारी आणून ठेवली, तर पोरांनी ताट सोडून उठावे यात नवल ते काय? तरीही मी हे धाडस करतो आहे. वाचकहो, तुम्ही ताट सोडण्यापूर्वी एवढेच सांगतो, की या व्याकरणात एक विहीर आहे, आणि त्या विहिरीच्या पाण्यावरून दोन सख्खे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

व्याकरण मात्र मराठीचे नव्हे. निदान सुरुवातीला तरी नव्हे. माझा भाचा पुण्यास संगणकाचे शिक्षण घेतो. उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात आला, की दुपारभर पंख्याखाली बसून त्या यंत्राशी काहीतरी पुटपुटत असतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. त्याच्या विद्येत मला काय कळणार? पण एके दुपारी तो म्हणाला, "मामा, ही भाषा तुम्हाला आवडेल." भाषा म्हटल्यावर आमचे कान टवकारले. भाषा आहे तर व्याकरण असणार, आणि व्याकरण आहे तर अपवादही असणारच!

त्या भाषेचे नाव हॅस्केल. हॅस्केल करी नावाचा एक अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ होता. जन्म १९०० चा, मृत्यू १९८२ चा. पुढे १९८७ साली जगभरच्या काही विद्वानांनी एकत्र येऊन या भाषेची जुळवाजुळव सुरू केली, १९९० साली तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, आणि करीसाहेबांच्या स्मरणार्थ तिला त्यांचे नाव देण्यात आले. मौज पुढेच आहे. परवानगीसाठी ही मंडळी करीसाहेबांच्या पत्नीकडे गेली. बाईंनी आगतस्वागत केले, आनंदाने होकार दिला, आणि पाहुणे निघताना सहज सांगितले, की ह्यांना स्वतःला हे नाव कधी आवडलेच नाही! बारशाला न विचारता ठेवलेले नाव माणूस जन्मभर वागवतो. या बापड्याला ते मरणानंतरही सुटले नाही.

संगणकाच्या इतर भाषा म्हणजे हुकमांची यादी असते: हे कर, मग ते कर, मग थांब. हॅस्केलचा बाज निराळा. कशाची किंमत काय, एवढेच समीकरणासारखे सांगायचे. करायचे काय ते तिचे ती पाहून घेते. या भाषेच्या वर्गाला फलनप्रधान म्हणतात. मला त्या नावाशी कर्तव्य नव्हते. मला तिच्या लकबी पाहायच्या होत्या, आणि त्या मी वहीत टिपून ठेवल्या.

पहिली लकब शेजाराची. क्रियेचे नाव लिहून तिच्याशेजारी वस्तू नुसती ठेवून दिली, की क्रिया तिला लागू होते. कंस नको, स्वल्पविराम नको. 'दुप्पट २' म्हटले की ४. आता 'दुप्पट २ + ३' म्हणजे किती? मी झटकन १० म्हणालो असतो, पण आधी भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि गप्प राहिलो. उत्तर ७ आहे. शेजारच्या वस्तूवर क्रियेचा हक्क सर्वांत आधी. बेरीज मागाहून येणार. घराला घर लागून असले म्हणजे वाटीभर साखर आधी शेजारणीलाच मिळायची, तसे हे आहे. पण याच नियमाची दुसरी बाजू पाहा. 'दुप्पट -१' असे लिहिले, तर ती भाषा 'उणे एकची दुप्पट' असे वाचत नाही. 'दुप्पट'मधून एक वजा करा, असे वाचते आणि कपाळाला हात लावते. उणे एकाला कंसाच्या घरात बसवावे, तेव्हा कुठे ते शेजारी म्हणून ओळखले जाते.

हा शेजार आमच्या पुणेकरांना मानवला नाही असे दिसते. पुणे विद्यापीठात १९९० च्या दशकात मुलांना शिकवण्यासाठी गोफर नावाच्या, हॅस्केलच्या भावंडासारख्या भाषेची डागडुजी करण्यात आली. त्या अवताराचे नाव पुगोफर. त्यात क्रिया आणि वस्तू यांच्यामध्ये एक टिंब आले. शेजारी असलात तरी मध्ये कुंपण हवे! याला कुणी पुणेरी म्हणेल. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मोठा शहाणपणा आहे. मुलाला जे दिसत नाही, ते त्याला शिकवणे फार कठीण. मोकळी जागा फळ्यावर दाखवायची कशी?

दुसरी लकब पंगतीची. आपल्याकडे पंगतीत पहिले पान जिथे मांडले, त्याच्या रेषेत बाकीची पाने मांडतात. हॅस्केलमध्ये ओळींचे तसेच आहे. एका गटातल्या सगळ्या ओळी एकाच रेषेवर सुरू झाल्या पाहिजेत. एखादी ओळ उजवीकडे सरकली, तर ती मागल्या ओळीचेच शेपूट समजायची. डावीकडे आली, तर पंगत उठली असे समजायचे. ही कल्पना पीटर लँडिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडली आणि तिला फुटबॉलच्या खेळातले 'ऑफसाइड' हे नाव दिले. एका मोकळ्या जागेने अर्थ फिरतो, हे ऐकून भाच्याचे मित्र म्हणे हैराण होतात. मला त्याचे काही वाटले नाही. 'तो नवरा' आणि 'तोन वरा' यांतला फरक आम्ही पाचवीच्या वह्यांत रोजच दुरुस्त करतो.

खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत आहे, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. ती म्हणजे नावाची शीव. गावाला जशी शीव असते, तशी प्रत्येक नावालाही असते. शिवेच्या आत त्या नावाचा अर्थ एक. शीव ओलांडली की तो संपला. आणि मोठ्या शिवेच्या आत एखादी लहान शीव असली, तिथे तेच नाव पुन्हा कुणाला ठेवलेले असले, तर आतले नाव बाहेरच्याला झाकून टाकते. संगणकवाले म्हणतात, आतल्याची सावली बाहेरच्यावर पडली.

वाचकहो, हे तुम्हाला नवीन वाटते? दिवाळीच्या चार दिवसांत 'पाडवा' म्हणा बरे. कुणी गुढी शोधायला माडीवर जाणार नाही. वर्षाचा मोठा पाडवा चैत्रातला, पण दिवाळीच्या शिवेत बलिप्रतिपदा त्याला झाकून टाकते. आमच्या पुसदकडे एखादा म्हातारा माणूस 'नाईकसाहेबांच्या वेळी' म्हणून सांगू लागला, की गोष्ट कोणत्या सालची ते आधी विचारावे. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ पासून १९९३ पर्यंत. नाव एक, घर एक, खुर्चीही एकच. सालावाचून अर्थ लागायचा नाही.

गावांच्या नावांचेही तसेच. नेरच्या माणसाला नुसते 'नेर' पुरते; बाहेरच्यासाठी 'नेर परसोपंत' म्हणावे लागते. आमचे कळंब चिंतामणीचे, मराठवाड्यातले निराळे. बुद्रुक आणि खुर्द ही शेपटे आपल्या पूर्वजांनी उगीच लावली नाहीत. हॅस्केलमध्येही दोन पोथ्यांतून एकाच नावाच्या दोन क्रिया आणल्या, तर नावामागे पोथीचे नाव लावावे लागते. न लावले तर यंत्र अंदाज बांधत नाही, 'कोणती?' म्हणून विचारते आणि थांबून राहते. हा गुण माणसाच्या अंगी असता, तर कितीतरी कोर्टे ओस पडली असती!

आता घरात या. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली जुनी रीत. समजा, आजोबा विठोबा. नातू झाला, तोही विठोबा. पण जुन्या वळणाची आजी नवऱ्याचे नाव घेणार नाही, आणि सून सासऱ्याचे नाव घेऊन पोराला 'विठ्या' म्हणून हाक मारणार नाही. मग त्या पोराला बापू म्हणायचे. शाळेच्या हजेरीत विठोबा, अंगणात बापू. एका देहाला दोन शिवा!

याच जागी हॅस्केलची एक लकब मला चटका लावून गेली. 'क म्हणजे क + १' असे त्या भाषेत लिहिले, तर तुम्हाआम्हाला वाटेल, की जुन्या क मध्ये एक मिळवून नवा क केला. तसे होत नाही. उजवीकडचा क हाच डावीकडचा क. तो स्वतःलाच विचारतो, 'तू किती?' आणि उत्तरासाठी पुन्हा स्वतःकडेच वळतो. हे संपतच नाही. फ्रान्समध्ये वाढलेली ओकॅम्ल नावाची भाषा याच गोत्रातली, पण तिथे रीत उलट आहे. तिथे नवा क आधी बाहेरच्या, जुन्या क ला विचारतो, त्याच्याकडून शिदोरी घेतो, तिच्यात एक मिळवतो आणि मग त्याच्या नावाने उभा राहतो. स्वतःकडेच वळायचे असेल, तर तसे मुद्दाम लिहून कळवावे लागते. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी बरोबर. पण नातवाला आजोबांचे नाव ठेवणारा आमचा समाज, मनाने ओकॅम्लचा म्हटला पाहिजे.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली, तिने मला धीर आला. आतल्या नावाने बाहेरचे नाव झाकले जाते, पुसले जात नाही. आतली शीव ओलांडून बाहेर आलात, की जुना अर्थ जसाच्या तसा जागेवर असतो.

एक प्रश्न मात्र उरतोच, आणि त्यावर संगणकाच्या जगातही बरीच वर्षे घोळ चालला होता. एखादे वाक्य एका घरात लिहिले आणि दुसऱ्या घरात वाचले, तर त्यातल्या नावाचा अर्थ कोणत्या घरातून घ्यायचा? लिहिले त्या घरातून, की वाचले त्या? जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प नावाची भाषा रचायला घेतली. तिच्या जुन्या रूपांत अर्थ वाचणाऱ्याच्या घरातून घेतला जाई. १९७५ साली ससमन आणि स्टील या दोघांनी तिच्याच वंशातली स्कीम नावाची भाषा केली. तिच्यात त्यांनी ठरवले, की शब्द जिथे लिहिला तिथलाच अर्थ त्याच्यासोबत प्रवास करील. हॅस्केलही पहिल्यापासून याच मताची.

भाच्याला याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला होता. आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्याच्या खाणावळीत त्याने पोह्यांवर सांभार मागितला, आणि वाढप्याने इडलीबरोबरचे सांबार पोह्यांवर ओतले! शब्द दारव्ह्याचा, अर्थ लागला पुण्याचा. "मामा," तो म्हणाला, "तो वाढपी जुन्या लिस्पमधला होता."

हे सगळे आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. पण तेवढ्यापुरते तरी ते खरे आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्यायांत चार हजारांच्या आसपास सूत्रे आहेत. त्यांत एकदा उच्चारलेला शब्द पुढच्या सूत्रांत न उच्चारताही चालू राहतो. त्याला अनुवृत्ती म्हणतात. काही सूत्रे तर केवळ शीव आखण्यासाठीच आहेत: इथून पुढे अमुक प्रकरण. आणि शेवटच्या तीन पादांतले नियम मागल्या नियमांना जणू दिसतच नाहीत, अशी तजवीज आहे. कोणता शब्द कुठवर चालतो, हे जाणणे म्हणजे अर्धे व्याकरण जाणणे. उरलेले अर्धे भांडणानंतर कळते.

आता विहीर.

माझे आजोळ घाटंजीकडचे. आजोबा १९९८ साली वारले. त्याआधी त्यांनी दोन्ही मामांना वावर वाटून दिले आणि एका कागदावर स्वतःच्या हाताने काही ओळी लिहून ठेवल्या. त्यांत एक ओळ होती: थोरल्याने धाकट्याला आपल्या विहिरीचे पाणी घेऊ द्यावे.

किती सरळ वाक्य! पुढे मोजणी झाली आणि विहीर थोरल्या मामांच्या गटात पडली. थोरले मामा ती ओळ वाचत आणि म्हणत, 'आपल्या' म्हणजे कर्त्याच्या. कर्ता थोरला, तेव्हा विहीर माझी, पाणी देणे हा माझा उपकार, आणि उपकार कधी करायचा ते मी ठरवीन. धाकटे मामा तीच ओळ वाचत आणि म्हणत, पाणी घेणारा कोण? धाकटा. म्हणजे धाकट्याने 'आपल्या' विहिरीचे, स्वतःच्या विहिरीचे, पाणी घ्यावे. थोरल्याने आडवे येऊ नये एवढेच! दोघांचेही व्याकरण बरोबर. मराठीतले 'आपला' हे असे दोन्ही घरी जेवणारे सर्वनाम आहे. एका उन्हाळ्यात धाकट्या मामांचा गहू ऐन ओंबीत वाळला, आणि त्या दिवसापासून बोलणे बंद पडले. पोळ्याला दोघांच्या बैलजोड्या निरनिराळ्या गल्ल्यांतून मारुतीला जाऊ लागल्या. आई माहेरी गेली, की एका घरी जेवायची आणि दुसऱ्या घरी उपवास सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात प्रकरण वकिलापर्यंत गेले. तत्पूर्वी कुणीतरी सुचवले, की घरात मराठीचा मास्तर आहे, त्याला कागद दाखवा. मी भाच्याला घेऊन गेलो. पोरगा गोंधळला, तो मला मामा म्हणणार आणि मी त्या दोघांना! कागद समोर आला. मी तो दोनदा वाचला. शेजारी भाचा वाकून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "मामा, हा कागद दोन घरांत वाचला जातोय. लिहिला कोणत्या घरात?"

मी कागद घेऊन ओसरीवर आजीकडे गेलो. आजी नव्वदीच्या आसपासची. डोळ्यांना दिसत नाही, पण कान तिखट. तिला ओळ वाचून दाखवली आणि विचारले, आजोबा 'आपली विहीर' म्हणत, ते कुणाला धरून?

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माहं म्हणून ते कधी बोललेच नाई बाप्पा. बैल आपला, वावर आपलं, इहीर आपली. उन्हाळ्यात गावची बायामाणसं घागरी घेऊन येत, तवा मी कावत जाओ. तं म्हनत, आपल्या इहिरीचं पानी आहे, भरू दे."

दोन्ही मामा दारात उभे होते. कोणी कोणाकडे पाहिले नाही. तिसरा अर्थ त्या शब्दात पहिल्यापासून होता. 'आपल्या' म्हणजे आपणा सगळ्यांच्या. शाळेतले मूलही तो सांगेल. पण कागद ज्या घरात वाचला जात होता, त्या प्रत्येक घराचे 'आपण' लहान झाले होते, आणि लहान शिवेने मोठीला झाकून टाकले होते. झाकले होते, पुसले नव्हते.

यानंतर भाऊ गळ्यात गळे घालून रडले असे लिहायला मला आवडले असते; कादंबरीत मी ते लिहिलेही असते. तसे काही घडले नाही. थोरल्या मामांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली आणि विचारले, "तीन फेजची लाइन या आठवड्यात रातची हाय का दिवसाची?" धाकटे मामा म्हणाले, "रातची." अकरा वर्षांतले हे पहिले बोलणे. आता मोटर एक दिवस एकाची, एक दिवस दुसऱ्याची चालते. सामाईक विहीर म्हणून सातबाऱ्यावर नोंद व्हावी, यासाठी अर्ज दिला आहे. जेवायला अजून एकमेकांकडे जात नाहीत. पण यंदा पोळ्याला दोन्ही जोड्या एकाच गल्लीने गेल्या, असे आईने कळवले आहे.

शाळा उघडल्यावर मी सातवीच्या वर्गात ती ओळ फळ्यावर लिहिली. कोण, कुठले, काही सांगितले नाही. विचारले, विहीर कुणाची? पोरांनी थोरल्याची म्हटले, धाकट्याची म्हटले, सगळ्यांची म्हटले. तिन्ही अर्थ फळ्यावर आले आणि मी खडू खाली ठेवला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. क्वचितच बोलणारी. म्हणाली, "गुरुजी, आपण पाहुण्यांना 'आपण बसा' म्हणतो. मग 'आपल्या' म्हणजे 'तुमच्या' नाही का? ज्याला चिठ्ठी लिहिली, त्याची विहीर."

वर्ग हसला. मी मात्र तो चौथा अर्थ तिच्या नावासह फळ्यावर लिहिला. आदरार्थी 'आपण' व्याकरणात आहेच. त्या अर्थाने ती विहीर कागद वाचील त्याची. म्हणजे, वाचकहो, आज आपलीही. घाटंजीकडे उन्हाळा फार कडक असतो. कधी आलात तर पाणी पिऊन जा.